कुत्र्यामांजरांस भूल देतांना संभवणारे धोके

आपल्या मासिकांतून बैल, गाय, म्हैस व शेळी यांच्या रोगांविषयीं लेख वरचेवर येत असतात. कुत्र्याविषयीं ते क्वचित् येतात आणि मांजराचें तर नांवहि निघत नाहीं. वस्तुतः धान्याच्या कणगीची राखण मांजर करतें व गोठ्याची राखण कुत्रा करतो. जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांत धरणांचें पाणी आलें, उंसाचें क्षेत्र वाढलें, आणि उंसाच्या आश्रयानें बिबट्या वस्तीच्या दारापर्यंत येऊं लागला. तेव्हांपासून मळ्यांत राहणाऱ्या कुटुंबास कुत्रा ही हौसेची वस्तु राहिली नसून तो रात्रीचा पहारेकरी झाला आहे. अशा कुत्र्याच्या मानेस बिबट्याचा दांत लागणें, मोटारीखालीं त्याचा पाय मोडणें, कुत्रीच्या गर्भाशयांत पू होणें, भाटीची वीण अडणें, असे प्रसंग आले म्हणजे शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर नसतें. संततिनियमनाची शस्त्रक्रिया तर आतां गांवोगांवीं होऊं लागली आहे. यांपैकीं कोणतीहि शस्त्रक्रिया भूल दिल्यावांचून करतां येत नाहीं, आणि लोकांच्या मनांत जी भीति असते ती सुरीची नसून बहुधा भुलीचीच असते.

आमच्या अवसरी बुद्रुक येथें पारावर या विषयीं दोन मतें ऐकूं येतात. एक मत असें कीं, भूल दिलेलें कुत्रें उठतच नाहीं, सबब त्या भानगडींत पडूं नये. दुसरें असें कीं, एक सुई टोचली म्हणजे काम झालें, त्यांत विचारण्यासारखें काय आहे? दोन्हीं मतांनीं जनावरांचे जीव गेले आहेत. पहिल्या मतानें ते गोठ्यांत कुजून गेले व दुसऱ्यानें टेबलावर गेले, एवढाच फरक. म्हणून धोका किती, तो कशापासून, आणि त्यांतला किती भाग धन्याच्या हातीं आहे, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम भूल म्हणजे काय तें पाहूं. झोपलेल्या कुत्र्यास हाक मारली तर तो कान टवकारतो. भूल दिलेल्या कुत्र्यास पोट फाडलेलें कळत नाहीं. चांगल्या भुलींत तीन गोष्टी साधाव्या लागतात. जनावराची शुद्ध जावी, त्यास वेदना होऊं नयेत, व त्याचे स्नायु सैल पडावेत. हें काम औषध मेंदूवर करतें. परंतु त्याच मेंदूंतून श्वास चालतो, हृदयाची गति राखली जाते, अंगाची ऊब सांभाळली जाते, आणि घशांत अन्न किंवा पाणी आलें तर ठसका लागून श्वासनळीचें रक्षण होतें. पाटाच्या पाण्यास बांध घालतांना जी सरी कोरडी ठेवावयाची ती कोरडी राहावी आणि जिला पाणी पाहिजे तिला तें मिळत राहावें, अशी ती कसरत आहे. बांध जरा उंच झाला तर नको त्या सऱ्याहि आटतात. श्वास मंद होतो, रक्तदाब उतरतो, अंग गार पडतें. भुलीनें मरण येतें तें बहुतेक याच वाटांनीं येतें.

आतां धोक्याचें मान सांगतों. ब्रिटनमध्यें २००२ ते २००४ या काळांत ११७ पशुचिकित्सालयांतून ९८,०३६ कुत्रीं व ७९,१७८ मांजरें यांना दिलेल्या भुलीची नोंद ठेवण्यांत आली आणि तिचा निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाला. भुलीपासून दोन दिवसांच्या आंत व भुलीशीं संबंध असलेले मृत्यु त्यांत मोजले होते. निरोगी कुत्र्यांत हें प्रमाण दर दहा हजारांस सुमारें ५ पडलें. आजारी कुत्र्यांत तें दर दहा हजारांस १३३ होतें. निरोगी मांजरांत ११ आणि आजारी मांजरांत १४०. म्हणजे धडधाकट कुत्र्यापेक्षां आजारी कुत्र्यास धोका पंचवीस पटींहून अधिक, आणि धडधाकट मांजरास धडधाकट कुत्र्याच्या दुपटीहून अधिक. हे आंकडे साधनसंपन्न दवाखान्यांचे आहेत. आपल्याकडील खेड्यांत, शिबिराच्या मांडवांत किंवा अंगणांतल्या बाजेवर, तेच प्रमाण धरून चालणें शहाणपणाचें नाहीं. तथापि त्यांतून दोन गोष्टी निश्चित निघतात. भूल दिलेलें कुत्रें उठतच नाहीं, हें खोटें. आणि रोग बळावेपर्यंत थांबून मग शस्त्रक्रिया करविणें, हाच खरा जुगार. तिसरी एक गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. मृत्यु पावलेल्या कुत्र्यांपैकीं जवळजवळ निम्मीं व मांजरांपैकीं निम्म्याहून बरींच अधिक शस्त्रक्रिया आटोपल्यानंतर मेलीं, आणि त्यांतलीं निम्मीं पहिल्या तीन तासांतच. डॉक्टर हात धुऊन बाहेर आले व धनी "सुटलों एकदांचे" असें म्हणाला, त्यानंतरचा हा काळ आहे.

या विषयाचा इतिहास आपल्या शेजारींच घडलेला आहे. १८४६ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं ईथर हुंगवून केलेली शस्त्रक्रिया जाहीरपणें दाखविण्यांत आली, व पुढील वर्षीं एडिंबरोच्या डॉ. सिम्प्सन यांनीं क्लोरोफॉर्म प्रचारांत आणला. क्लोरोफॉर्मनें कांहीं रोगी टेबलावरच दगावूं लागले, तेव्हां आधीं श्वास बंद पडतो कीं आधीं हृदय, असा वाद माजला. त्याचा निकाल लावण्यासाठीं निजामाच्या आश्रयानें हैदराबाद येथें १८८८ व १८८९ सालीं दोन कमिशनें बसलीं. आपला मराठवाडा त्या काळीं त्याच राज्यांत होता. डॉ. एडवर्ड लॉरी हे त्या कामाचे मुख्य होते, व प्रयोगांसाठीं शेंकडों जनावरें, त्यांत पुष्कळ कुत्रीं, वापरलीं गेलीं. कमिशनानें ठरविलें कीं, श्वासच आधीं थांबतो, म्हणून श्वासावर लक्ष ठेवावें. नाडी पाहत बसण्याचें कारण नाहीं. हा ठराव पुरा पडला नाहीं. १९११ सालीं गुडमन लेव्ही या इंग्रज डॉक्टरानें मांजरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, क्लोरोफॉर्मची भूल हलकी असतांनाच रक्तांत अॅड्रिनलिन हा रस वाढला तर हृदय एकाएकीं थरथरून बंद पडतें. हा अॅड्रिनलिन भीतीनें, रागानें व वेदनेनें आपोआप अंगांत सुटणारा रस आहे. माणसांच्या शस्त्रक्रिया आज निर्धास्तपणें होतात, त्यांत या मुक्या जनावरांचें देणें आपणांवर आहे.

क्लोरोफॉर्म वापरांतून गेला, पण लेव्हीच्या मांजरांनीं शिकविलेला धडा गेलेला नाहीं. आपल्याकडे कुत्र्यास भूल द्यावयाची म्हणजे चार पोरांनीं काठ्या घेऊन त्याचा पाठलाग करावयाचा, गळ्यांत फांस टाकावयाचा, फरफटत आणावयाचें, व तो धापा टाकीत असतांना सुई टोचावयाची, अशी रीत पडली आहे. खेड्यांतील दवाखान्यांत व शिबिरांतून बहुधा झायलाझीन व केटामाईन हीं दोन औषधें वापरतात. भेदरलेल्या जनावरावर झायलाझीनचा अंमल नीट बसत नाहीं. मग "याला चढतच नाहीं" असें म्हणून दुसरी मात्रा दिली जाते. जनावर शांत झालें कीं दोन्हीं मात्रा एकदम अंमल करूं लागतात, आणि हृदयाची गति नको इतकी उतरते. यासाठीं कुत्र्यास त्याच्या ओळखीच्या माणसानें, साखळी धरून, शक्य तों सकाळच्या थंड वेळीं आणावें. आल्यावर अर्धा तास सावलींत बसूं द्यावें. इंजेक्शन दिल्यावर कोणीं त्यास हालवूं नये व भोंवतीं गलका करूं नये. मांजरास पिशवींत कोंबून आणूं नये. हवा खेळेल अशा टोपलींत घालून वर फडकें बांधावें. अंधार असला म्हणजे तें बरेंच शांत राहतें.

बिबट्यास भूल देण्याचा प्रसंग आपल्या वाचकांपैकीं अनेकांनीं पाहिला असेल. बिबट्या हा मांजराच्याच कुळांतला, व त्यासहि बहुधा हींच दोन औषधें बंदुकीच्या डार्टमधून मारतात. त्याचें वजन कोणीं केलेलें नसतें, पोटांत शिकार आहे कीं नाहीं हें ठाऊक नसतें, आणि सुई लागल्यावर अंमल चढेपर्यंत दहापंधरा मिनिटें तरी जावीं लागतात. तेवढ्या वेळांत तो विहिरींत पडला तर बुडतो. अशा वेळीं कडेनें हजारपांचशें माणसें ओरडत उभीं राहिलीं म्हणजे औषधाचा अंमल लांबतो, आणि अर्धवट गुंगींतला बिबट्या त्याच गर्दींत शिरतो. माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्राचे व वनखात्याचे लोक शांततेची विनवणी करतात ती याच कारणास्तव. त्यास केवळ सरकारी दिमाख समजूं नये.

वजनाची गोष्ट निघालीच आहे, तर ती पुरी करतों. भुलीची मात्रा वजनावर बेततात. महसूल खात्यांतील माझ्या नोकरींत पिकाची पैसेवारी, जिला पूर्वीं आणेवारी म्हणत, ती नजरेनें ठरवितांना मी पुष्कळ पाहिली आहे. तींत चूक झाली तर निदान अपील करतां येतें. अठरा किलोंचें कुत्रें नजरेनें पंचवीस किलोंचें धरलें तर त्यावर अपील नाहीं. आणि नजर हमखास फसते, कारण केसाळ कुत्रा भरदार दिसतो व पावसांत भिजला म्हणजे निम्मा होतो. आपल्याकडे कांदाबटाट्याच्या पिशव्या तोलण्याचा कांटा वस्तीवस्तीवर आहे. कुत्र्यास उचलून घेऊन माणसानें कांट्यावर उभें राहावें, मग एकट्यानें उभें राहावें, व वजाबाकी करावी. मांजर पिशवीसह तोलावें व पिशवीचें वजन वजा करावें. दोन किलोंच्या आंतील मांजरास धोका विशेष असतो. तेथें अर्ध्या किलोची चूकहि फार झाली.

दुसरी एक समजूत अशी कीं, म्हशीला जें चालतें त्याचा लहान भाग कुत्र्यास दिला म्हणजे झालें. हें साफ चूक आहे. झायलाझीन गाईम्हशींस इतकें बाधतें कीं दर किलो वजनास त्यांना कुत्र्याच्या सुमारें दहावा हिस्साच पुरतो. तेंच औषध कुत्र्यामांजरांस ओकारी करवितें. केटामाईन एकटें दिलें तर मांजर ताठरतें, त्याचे डोळे सताड उघडे राहतात, व पापणी मिटत नसल्यामुळें बुबुळ सुकून त्यावर व्रण पडतो. म्हणून डोळ्यांत मलम घालावें लागतें. झायलाझीनवर योहिंबीन व अटिपामेझोल हे उतारे आहेत, केटामाईनवर उतारा नाहीं. उतारा घाईनें दिला व केटामाईनचा अंमल शिल्लक असला तर जनावर आंकडी आल्यासारखें झटके देतें. शहरांतील दवाखान्यांत शिरेंतून प्रोपोफॉल देऊन पुढें आयसोफ्लुरेनची वाफ प्राणवायूबरोबर हुंगवितात. ही वाफ कमीजास्त करतां येते, हा मोठा फायदा. पण प्रोपोफॉल भरभर टोचलें तर श्वास थांबतो, व मांजराच्या अरुंद घशांत नळी घालतांना घसा आवळून बसतो. यंत्र चांगलें असून भागत नाहीं, तें चालविणारा हातहि तितकाच सरावाचा पाहिजे.

जातीचाहि प्रश्न आहे. हल्लीं जाहिरातींत पाहून नकट्या पग कुत्र्याचें पिल्लू घेण्याची लाट खेड्यांपर्यंत आली आहे. या जातीच्या नाकपुड्या बारीक, टाळू लांब व श्वासनळी अरुंद असते. जागेपणींच तो घोरतो. भूल चढतांना आणि उतरतांना त्याचा श्वास कोंडण्याचें भय मोठें. चपट्या तोंडाच्या फारशी मांजराचें तसेंच. याउलट कारवानी व मुधोळ यांसारखीं सडपातळ शिकारी कुत्रीं. यांच्या अंगांत चरबी थोडी. पूर्वीं पुष्कळ वापरांत असलेलें थायोपेन्टोन हें औषध चरबींत शिरून उतरतें. चरबीच नसली तर तें रक्तांत रेंगाळतें. या गटांतील ग्रेहाउंड कुत्रीं त्या औषधानें फार उशिरां शुद्धीवर येतात, हें प्रसिद्धच आहे. आपला साधा गांवठी कुत्रा या बाबतींत सर्वांत सुदैवी म्हणावयाचा.

पोट रिकामें असणें हा यांतला अगदीं घरचा भाग आहे. गुंगींत ओकारी होते, ठसका लागत नाहीं, व पोटांतलें अन्न श्वासनळींत उतरतें. कांहीं जनावरें तेथेंच गुदमरतात, कांहीं दोनतीन दिवसांनीं फुप्फुसाच्या दाहानें जातात. आमच्या एका शेजाऱ्यांनीं कुत्रीस दवाखान्यांत नेण्यापूर्वीं पहांटे वाडगाभर दूधभाकरी घातली. हेतु चांगला होता. उपाशीपोटीं औषध झेपणार नाहीं, असें त्यांना वाटलें. विचारल्यावर मात्र, डॉक्टर रागावतील म्हणून, "कांहीं खाल्लें नाहीं" असें सांगितलें. शस्त्रक्रिया यथासांग झाली व कुत्री तिसऱ्या दिवशीं धाप लागून मेली. गांवांत अजून म्हणतात, भुलीनें मेली. मोठ्या जनावरास सहा ते आठ तास अन्न देऊं नये. पाणी मात्र डॉक्टर सांगतील त्या वेळेपर्यंत समोर असावें. दोन महिन्यांच्या आंतील पिल्लास इतका वेळ उपाशी ठेवणें घातक, कारण त्याच्या रक्तांतील साखर उतरते; त्यास तास-दोन तासच पुरे. मोकळा सुटणारा कुत्रा उकिरड्यावर काय खाईल याचा नेम नाहीं, म्हणून तो आदल्या रात्रींच बांधावा. मांजर रात्रीं उंदीर धरून खातें व सकाळीं मुकाट्यानें येऊन बसतें. त्यास कोंबड्यांच्या डाल्याखालीं नाहीं तर खोलींत कोंडावें. आणि चुकून खाणें झालेंच तर तसें सांगून टाकावें. शस्त्रक्रिया एक दिवस पुढें गेल्यानें कांहीं बिघडत नाहीं.

गोचिडांकडे आपले लोक फारसें लक्ष देत नाहींत. गोचिडांपासून कुत्र्यास एर्लिकिया व बबेसिया या जंतूंचा ताप होतो. पहिल्यांत रक्त गोठविणाऱ्या प्लेटलेट कमी होतात, दुसऱ्यांत रक्तांतील तांबड्या पेशी फुटून अंग पांढुरकें पडतें. डेंग्यूच्या सांथींत प्लेटलेट हा शब्द घरोघरीं झाला आहे, त्यामुळें त्याचा अर्थ सांगावयास नको. असा कुत्रा बाहेरून हिंडताफिरता दिसतो, पण टेबलावर रक्त थांबत नाहीं व प्राणवायु वाहून नेण्यास रक्तहि पुरेसें नसतें. हिरड्या फिकट असतील, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके असतील, किंवा महिन्याभरांत ताप येऊन गेला असेल, तर आधीं रक्त तपासून घ्यावें. ज्यांच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात त्यांची खालची पापणी उलटून पाहावी. गोचीड मारण्यासाठीं पिकावर फवारण्याचें कीटकनाशक पाण्यांत कालवून कुत्र्यास आंघोळ घालण्याची एक अघोरी चाल आहे. क्लोरपायरीफॉस व त्या जातीचीं विषें अंगांत मुरलीं म्हणजे लाळ सुटते, श्वासनळी आकसते व हृदय मंदावतें. त्यावर कांहीं शामक व स्नायु सैल करणारीं औषधें दिलीं तर परिणाम भलताच होतो. असें औषध लावलें असेल तर तें डॉक्टरांपासून लपवूं नये. कुत्री माजावर आहे काय, गाभण आहे काय, पूर्वीं कधीं आंकडी आली होती काय, हेंहि न विचारतां सांगावें.

भूल कोणाकडून घ्यावयाची, याविषयीं थोडें. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानें असें काम नोंदणीकृत पदवीधर पशुवैद्याचें आहे. आपल्याकडे श्रेणी एकच्या दवाखान्यांत पदवीधर पशुधन विकास अधिकारी असतात, श्रेणी दोनमध्यें पदविकाधारक पर्यवेक्षक असतात. या दुसऱ्या वर्गाचे लोक लस टोचणें, कृत्रिम रेतन, जखम बांधणें हीं कामें उत्तम करतात, पण पोट उघडण्याची शस्त्रक्रिया त्यांच्याकडून करविणें त्यांनाहि अडचणींत घालणें होय. केटामाईन हें औषध २०१३ सालापासून परिशिष्ट एक्समध्यें घातलेलें आहे, म्हणजे त्याच्या विक्रीचा कडक हिशेब ठेवावा लागतो. तेव्हां मोटारसायकलवर पिशवी घेऊन फिरणारा एखादा इसम "माझ्याकडे भुलीचें इंजेक्शन आहे, पांच मिनिटांचें काम" असें म्हणूं लागला तर तें त्यास मिळालें कोठून, हा प्रश्न पहिला विचारावा. मोठ्या किंवा नाजुक शस्त्रक्रियेसाठीं मुंबईस परळचें पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तें १८८६ पासून चालू आहे. आणि पुणें-सातारा रस्त्यावर शिरवळ येथेंहि पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

डॉक्टरांस प्रश्न विचारणें हा उद्धटपणा नव्हे. शस्त्रक्रिया करणाऱ्याखेरीज भुलीवर लक्ष ठेवण्यास दुसरें माणूस आहे काय? प्राणवायूचा नळा आहे काय? शिरेंत सुई बसवून ठेवणार काय? हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. २०२० व २०२१ च्या कोविडच्या सांथींत आशाताईंनीं आपल्या बोटास चिमटा लावून प्राणवायूचें मान पाहिलेलें सर्वांस आठवत असेल. तसलाच चिमटा कुत्र्यामांजराच्या जिभेस लावतां येतो. ब्रिटनच्या वर सांगितलेल्या पाहणींत, ज्या मांजरांची नाडी व हा प्राणवायु यांवर नजर ठेवलेली होती त्यांत मृत्यु कमी आढळले. यंत्र नसलें तर मांडीच्या आंतल्या बाजूस नाडीवर बोट ठेवून एका माणसानें बसून राहावें. तेवढ्यानेंहि पुष्कळ काम होतें. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीं तें वाचावें. न वाचलेल्या कागदावर उठविलेले अंगठे मी सबंध नोकरीभर पाहिले आहेत, व त्यावर अधिक कांहीं लिहीत नाहीं.

आतां शुद्धीवर येण्याचा काळ. येथें धन्याचें काम डॉक्टराइतकेंच आहे. जनावरास कुशीवर, मान सरळ व जराशी लांबवून, जीभ बाहेर ओढून निजवावें. नाकातोंडावर गोधडी येऊं देऊं नये. लहान जनावराच्या अंगाची ऊब फार लवकर जाते, व पौष-माघांत गार फरशीवर ठेवलें तर तें तासन् तास उठत नाहीं. खालीं पोतें व वर कांबळें घालावें. कढत पाण्याची बाटली द्यावयाची तर फडक्यांत गुंडाळून, कारण गुंगींतल्या जनावरास भाजत असलें तरी सरकतां येत नाहीं. कुत्र्याची स्वाभाविक उष्णता १०१ ते १०२ अंश फॅरेनहाईट असते; ती ९९ च्या खालीं राहिली, हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर झाल्या, श्वास थांबून थांबून येऊं लागला, अथवा टांक्यांतून रक्त ठिबकूं लागलें, तर लगेच दवाखाना गांठावा; सकाळ होण्याची वाट पाहूं नये. पहिले तीन तास एक माणूस जवळ बसलेंच पाहिजे. केटामाईनच्या गुंगींतून उठणारें मांजर डोकें डोलावतें, लहानशा आवाजानें दचकतें. त्यास अंधाऱ्या शांत जागीं ठेवावें. कुत्राहि अशा वेळीं धन्यास ओळखत नाहीं व चावूं शकतो, म्हणून पोरांस दूर ठेवावें. सरळ चालूं लागेपर्यंत तोंडांत पाणी ओतूं नये. घरांतील वडीलधाऱ्या बायका मायेनें चमचाचमचा दूध पाजतात, तें त्या वेळीं विषासारखें होतें.

आपल्या भागापुरती एक गोष्ट वेगळी सांगावयास पाहिजे. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यास त्या रात्रीं व पुढच्या दोन रात्रीं अंगणांत बांधूं नये. गुंगींतला कुत्रा भुंकत नाहीं व पळत नाहीं, आणि रक्ताचा वास त्याच्या अंगास असतो. बिबट्यास याहून सोपी शिकार कोणती? त्यास दार असलेल्या खोलींत ठेवावें. मळ्यांतील विहिरीस कठडा नसेल तर दिवसाहि मोकळा सोडूं नये.

वेदनेवरील औषध घरचें देऊं नये, हें मी आग्रहानें लिहितों. पॅरासिटॅमोल, म्हणजे क्रोसिन वगैरे नांवांनीं घरोघरीं असलेली गोळी, मांजराच्या यकृतास पचवितां येत नाहीं. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेण्यास पुरते. त्याचें रक्त तपकिरी पडतें, तोंड सुजतें व तें गुदमरतें. आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक यांनीं कुत्र्याच्या जठरास व्रण पडून काळी पातळ शी होते. जनावरांसाठीं डायक्लोफेनॅक गिधाडांच्या नाशामुळें २००६ सालीं बंदच करण्यांत आलें. वेदना थांबविणें अवश्य आहे, पण डॉक्टरांनीं वजन पाहून दिलेल्या औषधानें.

इतके धोके वाचून कोणी म्हणेल, मग शस्त्रक्रिया करावीच कशाला? त्यासाठीं कुत्रीच्या गर्भाशयांतील पुवाचें उदाहरण घ्यावें. न विणवलेल्या, वय झालेल्या कुत्रीस माजानंतर एकदोन महिन्यांनीं हा रोग जडतो. ती पाणी फार पिते, खात नाहीं, पोट सुटतें, कधीं मागून पू येतो, कधीं येतहि नाहीं. तेव्हां बहुधा गर्भाशय काढणें हाच खात्रीचा उपाय राहतो, आणि त्या वेळची भूल ही विष चढलेल्या, मूत्रपिंड थकलेल्या जनावरास दिलेली भूल असते. तीच शस्त्रक्रिया कुत्री दीड वर्षाची, धडधाकट व माजावर नसतांना करून घेतली असती तर दर दहा हजारांस पांचाच्या हिशेबांत ती बसली असती. आतां ती दुसऱ्या हिशेबांत जाते. तरीहि पू झाल्यावर शस्त्रक्रिया टाळूं नये. टाळल्यास बहुतेक कुत्र्या जगत नाहींत.

शस्त्रक्रियेचा कागद टाकून देऊं नये. कोणतीं औषधें, किती दिलीं, भूल किती वेळानें उतरली, ओकारी झाली काय, हें डॉक्टरांकडून त्यावर लिहून घ्यावें व लसीच्या कार्डाबरोबर ठेवावें. सातबाराच्या इतर हक्कांच्या रकान्यांत एखादी जुनी नोंद ऐन वेळीं उपयोगी पडते, तसा हा कागद पुढच्या खेपेस नव्या डॉक्टरास उपयोगी पडतो. त्याच कागदावर वजन व तारीख लिहावी, आणि पावसाळा संपल्यावर कांद्याच्या कांट्यावर कुत्र्यास पुन्हां एकदां तोलून घ्यावें.